हळदीचं शेत आणि खोलीतलं विमान

आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, ‘सर, ज्ञानमीमांसेच्या व्याख्यानमालेत विमान कुठून आलं?’ ते हळदीच्या शेतातून आलं. कसं, ते सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, वसमतकडचा. बी.ए.ला त्याचा तत्त्वज्ञान विषय होता. पास कसा झाला हे त्याला आणि मला, दोघांनाही अजून उलगडलेलं नाही. पण शेती उत्तम करतो. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला. बरोबर मुलगा, नुकताच बारावी सायन्स झालेला. मुलाला वैमानिक व्हायचंय. शिक्षणाचा खर्च म्हणे चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. त्यासाठी रस्त्यालगतचं तीन एकर काढायचं, म्हणजे विकायचं, असं घरात चाललेलं. आणि पोरगं सांगतंय की मला विमान उडवता येतं, माझे तीनशे तास झालेत. कुठे झाले? तर कंप्युटरवर.

बाप म्हणाला, ‘सर, तुम्ही आम्हाला वर्षभर एकच शिकवलं, ज्ञान कशाला म्हणायचं. आता सांगा, ह्याला येतंय का? हे शिकणं हाये का खेळणं?’

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला आयुष्यात इतका नेमका प्रश्न क्वचित कुणी विचारतं. मी चौतीस वर्षं शिकवलं, पण माझ्या उत्तरावर कुणाची तीन एकर जमीन अवलंबून होती असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, मला वेळ दे. पोहण्यावर मत द्यायचं तर निदान घोटाभर पाण्यात तरी उतरायला हवं. मुलाने आपला जुना कंप्युटर, एक जॉयस्टिक आणि पायाने दाबायचे पेडल माझ्या पुस्तकांच्या खोलीत आणून जोडून दिले. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी वैमानिकाच्या खुर्चीत बसलो. (हशा) हसू नका. खुर्ची तीच होती, पेपर तपासायची.

आता खेळणं की शिकणं, हा प्रश्न त्या शेतकऱ्याचा एकट्याचा नाही. तो ह्या यंत्राच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता, त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो तयार करण्याचा कारखाना. आपल्या पेटीला भाता असतो ना, तसे मोठे भाते त्या ऑर्गनला असतात. १९२९च्या सुमारास लिंकने तेच भाते वापरून एक छोटं लाकडी विमान बनवलं. जागेवरच डोलणारं, कलणारं. त्याच्या मनात होतं की ह्यावर वैमानिक शिकतील. उडायला शिकवणाऱ्यांनी ढुंकून पाहिलं नाही, ते विकत घेतलं करमणुकीच्या बागांनी. पैसे टाका आणि डोला! मग १९३४ साली तिथल्या लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं. ढगातून, रात्रीतून उडायची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांत बरेच जण दगावले. तेव्हा लष्कराने हेच खेळणं मागवलं, पहिल्या खेपेला सहा. दुसऱ्या महायुद्धात लाखो लोक त्यावर शिकले. म्हणजे यंत्र तेच होतं. बागेत ते खेळणं होतं, छावणीत शिक्षण. फरक कशाने पडला, हे मनात असू द्या.

घरच्या कंप्युटरवरचं विमानही जुनंच आहे. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२चा, चार रेघांचा डोंगर आणि एका रेघेची धावपट्टी. २०२० साली जो आला त्यात सगळ्या पृथ्वीचे उपग्रहावरून घेतलेले फोटो आहेत. हिंगोलीत विमानतळ नाही, तेव्हा आपण नांदेडहून उडायचं. वायव्येला वसमत, पुढे औंढा, सिद्धेश्वरचं धरण, मग आपली कयाधू. सगळं दिसतं. अर्थात यंत्राला नागनाथ कोण हे कळत नाही. फोटोत छप्पर दिसलं की ते आपल्या मनाने इमारत उभी करतं. माझ्या पडद्यावर औंढ्याचं देऊळ एखाद्या गोदामासारखं उभं राहिलं. मी मुलाला म्हटलं, हे कसलं वास्तव? तो म्हणाला, ‘आजोबा, बाहेर नका बघू, आत बघा.’ पोरगं हुशार आहे.

आत काय बघायचं? ह्या सॉफ्टवेअरबरोबर जी विमानं येतात ती बरीच समजूतदार असतात. चावी फिरवली की सुरू, आपटलं तरी पुढच्या वेळी कोरं करकरीत. पण त्याच्यावर आणखी पैसे देऊन वेगळं विमान चढवता येतं, त्याला ॲड-ऑन म्हणतात. आम्ही घेतलं ते पायपर कोमांची. चार माणसांचं, एका इंजिनाचं, चाकं पोटात घेणारं अमेरिकन विमान, मूळ १९५०च्या दशकातलं. सहा सिलिंडर, अडीचशे अश्वशक्ती. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी ते तयार व्हायचं. १९७२ साली ॲग्नेस वादळाच्या पुरात तो कारखाना बुडाला आणि उत्पादन थांबलं. ए-टू-ए नावाच्या कंपनीने २०२३ साली त्याची ही पडद्यावरची आवृत्ती काढली.

हे विमान विसरत नाही. त्याची खोड म्हणा, गुण म्हणा, एवढाच आहे. आधी त्याच्याभोवती फेरी मारायची. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून पाणी उतरलंय का बघायचं, तेलाची काडी बाहेर काढून बघायची. बॅटरी उतरवलीत तर ती उतरलेली राहते. इंजिन थंड असताना दामटलंत तर त्याची झीज होते आणि ती झीज पुढच्या उड्डाणालाही असते. डावी टाकी संपत आली की उजवीकडे आपण वळवायची, कुणी आठवण करून देत नाही. पहिल्या आठवड्यात मी जमिनीवरून वर गेलोच नाही. बायको दारातून विचारायची, ‘निघालं का विमान?’ मी म्हणायचो, अजून तेल तापतंय. एकदा निघालं, छान वसमतपर्यंत गेलो, आणि इंजिन, पंखा, प्रकाश, सगळंच बंद. विमानातलं पेट्रोल संपलं नव्हतं, गावातली वीज गेली होती. (हशा)

आता मुख्य गोष्ट. श्रावणातला दिवस होता. सिम्युलेटरला आज बाहेर जी हवा आहे तीच आत घे, असं सांगता येतं. मुलगा उडवत होता, मी शेजारी. औंढ्याच्या पुढे त्याने धरण जवळून बघायला म्हणून थ्रॉटल मागे घेऊन विमान खाली आणलं. पाणी बघून झालं, वर जायला थ्रॉटल पुढे ढकललं, तर इंजिनात दमच नाही. धाप लागल्यासारखं करत होतं. एक-दीड मिनिटात विमान शेतात. मुलगा चिडला. म्हणाला, ‘बग आहे आजोबा. सॉफ्टवेअर गंडलंय. माझ्या तीनशे तासांत असं कधी झालं नाही.’

आम्ही बरोबर आलेली माहितीपुस्तिका उघडली. दोन संध्याकाळी घालवल्या. बग नव्हता. बर्फ होता. कार्बोरेटरमध्ये बर्फ! बाहेर पंचवीस अंश तापमान, मराठवाड्यातला श्रावण, आणि इंजिनाच्या घशात बर्फ. तुम्हाला खोटं वाटेल, पण तुमच्या घरातला माठ आठवा. माठाच्या अंगाला पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, ती तशीच उष्णता ओढून घेते. शिवाय हवा तिथे अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिचा दाब पडतो, आणखी थंडावा येतो. दोन्ही मिळून तापमान वीस अंशांनी, कधी त्याहून जास्त उतरतं. दमट हवेतली वाफ झडपेवर गोठायला एवढं पुरतं. थ्रॉटल मागे घेतलं की झडप जवळजवळ मिटलेली असते, म्हणून धोका तेव्हाच जास्त. विमान खाली आणताना, म्हणजे सगळं सोपं वाटत असतं तेव्हा.

ह्यावर उपाय आहे. कार्ब हीट नावाचा नॉब ओढला की एग्झॉस्टजवळून तापलेली हवा आत येते आणि बर्फ वितळतो. उतरायच्या आधी, बर्फाला जागाच मिळू नये म्हणून, ओढायचा असतो. मुलाला हे माहीत नव्हतं का? होतं. चेकलिस्टमध्ये होतं. त्याने ती ओळ शंभर वेळा वाचली होती. पण सोपं विमान त्या ओळीचा जाब विचारत नव्हतं.

आता माझी फजिती ऐका. दुसऱ्या दिवशी मी एकटाच बसलो. आता मला कारण माहीत, उपाय माहीत, माठाचा दृष्टान्तसुद्धा तयार. मुद्दाम तसंच उडवलं. इंजिनाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. मी खूश. नॉब ओढला. आणि इंजिन आणखी खोकायला लागलं! शक्ती आणखी कमी. काय केलं असेल मी? घाबरून नॉब परत आत ढकलला. संपलं. आदल्या दिवशीच्या शेताच्या जवळपासच गेलो.

पुस्तिकेत हेही लिहिलेलं होतं, आणि मी त्याखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. गरम हवा विरळ असते म्हणून शक्ती आधी घटते. त्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी इंजिनात जातं, म्हणून ते अडखळतं. नॉब ओढलेलाच ठेवायचा, थोडा वेळ काढायचा, मग इंजिन मोकळं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं. हाताला नव्हतं. गिल्बर्ट राइलने १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक असं आहे हे ठाऊक असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ ह्यांत फरक केला. मी तो वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिला असेन! सायकलचं उदाहरण देऊन. पण तो फरक मला कळला त्या दिवशी.

इथे आपल्या परंपरेकडे वळू. न्यायभाष्यकार वात्स्यायन (कामसूत्राचा नव्हे, हे दर वर्षी सांगावं लागतं) ज्ञान खरं कशावरून मानायचं ह्याचं साधं उत्तर देतो: त्या ज्ञानावर विसंबून कृती केली आणि ती सफळ झाली, तर. लांबून पाणी दिसलं. जवळ गेलात, प्यालात, तहान भागली, तर ते पाणी. नाही भागली तर मृगजळ. ह्याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. ह्या कसोटीवर मुलगा पास आहे. नांदेडला तो शेकडो वेळा उतरलाय.

पण अद्वैती तिथेच धरतात. मांडूक्यकारिकांमध्ये आणि त्यांवरच्या भाष्यात हा मुद्दा येतो. जागेपणी भरपेट जेवून झोपलेला माणूस स्वप्नात स्वतःला उपाशी पाहतो. मग स्वप्नातली तहान स्वप्नातल्या पाण्याने भागली, म्हणून ते पाणी खरं ठरलं का? सिम्युलेटरमधली धावपट्टी सिम्युलेटरमधल्या चाकांना लागली. ठीक. त्यावरून काय सिद्ध झालं? मी बरेच दिवस इथेच अडकलो होतो, आणि खरं सांगतो, शेतकऱ्याचा फोन आला की टाळत होतो.

वाट सापडली ती त्या नॉबपाशी. विमान खोटं, धरण खोटं, बर्फ तर खोटाच. पण घाबरून नॉब आत ढकलणारा हात? तो खरा होता, माझाच होता. खऱ्या विमानात असतो तरी ह्याच माणसाने हेच केलं असतं. स्वप्नातल्या यशाचं श्रेय स्वप्नाचं असू शकतं, कारण यंत्राने किती सांभाळून घेतलं ते आपल्याला कळत नाही. चुकीचं तसं नाही. ती करणारा त्या स्वप्नाच्या बाहेर खुर्चीत बसलेला असतो. म्हणून मी त्या मुलाचे तीनशे तास मोजले नाहीत. मी त्याला विचारलं, तीनशे तासांत तुझ्या चुका किती? तो गप्प झाला. म्हणाला, ‘आजोबा, चुकलं की मी रीस्टार्ट करायचो.’

लिंकच्या यंत्रात बाग आणि छावणी ह्यांच्यात फरक कशाने पडला, त्याचं माझं उत्तर हेच. बागेत चूक झाली की लोक हसायचे. छावणीत कुणीतरी शेजारी वही घेऊन बसलेला असायचा.

त्यानंतर आम्ही नियम केला. रीस्टार्ट नाही. पडलं की वहीत लिहायचं: काय दिसलं, काय वाटलं, काय केलं. ‘काय दिसलं’ आणि ‘काय वाटलं’ हे दोन वेगळे रकाने आहेत बरं का. विमानविद्येत ह्या दोन रकान्यांवर माणसं मेली आहेत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली एक प्रयोग झाला. ढगात उडण्याचं शिक्षण नसलेले वीस जण घेतले आणि त्यांना बाहेरचं काही दिसू दिलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत! का? कानाच्या आत तोल सांभाळणारं जे इंद्रिय आहे ते संथ वळण थोड्या वेळाने सरळच समजतं. विमान कललेलं असतं आणि अंग शपथेवर सांगत असतं की आपण सरळ आहोत. समोरचा काटा खरं बोलतो, अंग खोटं बोलतं. प्रत्यक्षापेक्षा काट्यावरून केलेलं अनुमान बलवान मानायचं, हे तिथे जिवावर उदार होऊन शिकावं लागतं. आपल्या औंढ्याजवळ लायगोचा प्रकल्प उभा राहतोय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा. प्रोटॉनहून कितीतरी लहान हालचाल मोजणारं यंत्र. तिथे तर माणसाच्या इंद्रियांना साक्षीलाच बोलावलेलं नाही. असो, तो वेगळा विषय आहे, पुढे कधीतरी.

घरचा सिम्युलेटर इथे तोकडा पडतो, आणि हे मी त्या बापाला स्पष्ट सांगितलं. ढगात घुसलो तरी माझी खुर्ची हिंगोलीतच असते. अंग खोटं बोलत नाही, कारण अंग बोलतच नाही. मी काट्यांवर विश्वास ठेवतो ह्यात माझं काही कर्तृत्व नाही, मला दुसरा साक्षीदारच नाही. मोह नसताना पाळलेला नियम, तो कसला नियम! तसंच हाताचं. खऱ्या विमानात सुकाणूवर ताण येतो. ट्रिमचं चाक फिरवून तो ताण घालवायचा असतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकला तो ताण माहीतच नाही. आणि भीती? मी पडलो तेव्हा छातीत धडधडलं, हे खरं. पण दोन मिनिटांनी मी चहा पीत होतो.

डीजीसीएचे नियम ह्या बाबतीत पुष्कळ शहाणे आहेत. व्यावसायिक परवान्याला प्रत्यक्ष उड्डाणाचे २०० तास लागतात. त्यातले उपकरणांवर उडण्याचे किमान १० तास, आणि त्या दहांतले फार तर ५ मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरच्या कंप्युटरचे किती? शून्य. मुलाला हे ठाऊक होतं. बापाला त्याने सांगितलं नव्हतं.

मग मी बापाला काय सांगितलं? आधी मेडिकल. डोळे, रंग ओळखणं, कान, रक्तदाब. जमिनीचा कागद हलवायच्या आधी हा कागद हातात हवा. दुसरं, कुठल्याही फ्लाइंग क्लबात शिक्षकाबरोबर अर्धा तास खऱ्या विमानात बसव. त्याचे पैसे मी देतो. मेडिकलचा पहिला टप्पा मुलाने पार केला. अर्धा तासही झाला, सेसना विमानात. परत आल्यावर तो सरळ माझ्याकडे आला, घरी जायच्या आधी. म्हणाला, ‘आजोबा, सगळी बटणं माहीत होती. शिक्षक म्हणाले, काय विचारावं तेच कळत नाही. पण दहा मिनिटांनी त्यांनी माझ्या समोरचे काटे वहीने झाकून टाकले. म्हणाले, बाहेर बघ! तू सारखा आत बघतोस.’ पडद्यावर शिकलेल्यांची ही खोडच असते. पडद्यात काटे ठसठशीत आणि क्षितिज लहान. सवय तशीच लागते. आणि ‘आत बघा’ हे त्यानेच मला शिकवलं होतं! शेवटची पाच मिनिटं उलटीची पिशवी हातात होती, हेही त्याने सांगितलं. बापाला नाही सांगितलं. आता कळेल त्याला. (हशा)

हा भाग मला महत्त्वाचा वाटला: त्याने ते सांगितलं. त्या दिवशी त्याने ‘विमान खराब होतं’ असं म्हटलं नाही.

[श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग शेत विकलं का?]

नाही. निदान अजून नाही. बाप म्हणाला, ह्या वर्षीची हळद निघू दे, भाव बघू, मग बँकेत विचारू. मुलगा सध्या परीक्षेची पुस्तकं वाचतोय, हवामानशास्त्र आणि नियम. माझं मत विचाराल तर मुलगा शिकण्याजोगा आहे. पण त्यासाठी तीन एकर जावं का, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा नाही. तिथे मी प्राध्यापक नाही, आणि त्या घरात त्याच्या आईचं मत अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. मी पुढच्या वेळी तिलाच भेटणार आहे.

[प्रश्न: घरीच खरं विमान बांधलं तर?]

अहो, बांधलंय की! मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव ह्यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. पण ते स्वतः वैमानिक आहेत आणि त्या विमानासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. माझी गच्ची गळते. आणि बायकोने आधीच बजावलंय.

[प्रश्न: तुम्ही अजून उडवता का?]

रोज नाही. परवा इंजिन सुरू ठेवून चहा घ्यायला आत गेलो, गप्पांत वेळ गेला. जमिनीवर उभं असताना पेट्रोलचं मिश्रण भरपूर ठेवलं की स्पार्क प्लगवर काजळी धरते. आलो तर इंजिन थरथरतंय. माझाच गाढवपणा. वहीत लिहिलाय. आता घरी गेलो की आधी प्लग साफ करायचे आहेत.